साठीनंतर स्वतःच्या गाडीने किन्नौर-स्पिती: आधी मुक्कामाची उंची ठरवा, मग किलोमीटर

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही ६७, काकू ६३, दोघंही निवृत्त. नाशिकहून स्वतःच्या १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकने महिनाभर हिमालयात फिरायचं आहे. तुम्हाला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, काकूंना सुरुवातीचा मधुमेह आणि गुडघ्याची कुरकुर. लेह की स्पिती, गाडी चढेल का, ऑक्सिजनचे डबे न्यावेत का आणि मुलगा म्हणतो तसा ड्रायव्हर सोबत घ्यावा का, असे तुमचे प्रश्न आहेत. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘शिमल्याकडून वर जाऊन मनालीकडून खाली, असं पूर्ण सर्किट करायची इच्छा आहे.’

साठी ओलांडलेल्या जोडप्यांना त्यांच्याच गाड्यांनी त्या बाजूला घेऊन जाणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते: स्पितीला जा, शिमला-किन्नौरकडून जा आणि आल्या रस्त्याने परत या. सर्किटचा विचार या खेपेला सोडून द्या. असं का, ते सविस्तर लिहिते, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच बसलेले आहेत.

आपण प्रवास आखताना नकाशा उघडतो आणि आज किती किलोमीटर जायचं ते ठरवतो. पुणे-नागपूरसाठी ते ठीक आहे. डोंगरात तुमच्या वयाच्या माणसाने आधी एकच रकाना भरायचा: आज रात्री किती उंचीवर झोपायचं? हवा विरळ होत जाते तसं शरीर हळूहळू जुळवून घेतं आणि त्याची खरी परीक्षा रात्री झोपेत होते. दिवसा तासभर उंच जाऊन खाली आलात तर सहसा बिघडत नाही. रात्र मात्र उंचावर काढायची असेल तर तिथवर पायरीपायरीने पोचायला हवं. डॉक्टरांचा नियम साधा आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं.

आता हा नियम दोन्ही रस्त्यांना लावून बघा. मनालीहून लेहला निघालात की मनाली २,०५० मीटरवर, मधला नेहमीचा मुक्काम सरचू जवळजवळ ४,३०० मीटरवर. मध्ये जिस्पाला दोन रात्री थांबलात तरी जिस्पा ते सरचू ही उडी हजार मीटरच्या वर जाते. सरचूच्या तंबूत रात्रभर डोकं धरून बसलेली माणसं मी बघितली आहेत आणि ती काही कमजोर माणसं नव्हती. आणि त्रास झाला तर दोन्ही दिशांना खिंड आड येते, पटकन खाली उतरायला वाटच नाही. लेहला जायचंच असेल तर श्रीनगर-कारगिलकडून जा. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, कारगिल २,७०० च्या आसपास, मग लेह ३,५००. तो चढ बराच सोसवणारा आहे. पण पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी किन्नौरचा रस्ता मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो नदीच्या काठाने चढतो.

माझ्या मते तुमचे मुक्काम असे असावेत. चंदीगडजवळ एक दिवस पूर्ण आराम. मग मशोब्रा किंवा शिमल्याच्या पलीकडे कुठेही, साधारण २,२०० मीटर. नंतर सराहन, २,१६५ मीटर, दोन रात्री. सांगला, २,७०० च्या आत, दोन रात्री. कल्पा, २,९६० मीटर, दोन रात्री. ताबो, ३,२८० मीटर, दोन रात्री. शेवटी काझा, ३,६५० मीटर, चार रात्री. सराहनच्या पुढे, सांगला सोडलं तर, प्रत्येक पायरी साधारण तीन-पावणेचारशे मीटरची आहे, आणि सांगल्याची पाचशेची पायरीसुद्धा तीन हजारांच्या खालीच पडते. देशात असा घडवल्यासारखा चढ देणारे रस्ते फार नाहीत. शिवाय सांगल्याहून दिवसा छितकुलला (३,४५० मीटर) जाऊन यायचं आणि कल्प्याहून ताबोला जाताना नाको (साधारण ३,६६० मीटर) पार करून खाली उतरायचं. दोन्ही वेळा शरीराला उंचीची चव मिळते आणि झोप मात्र खाली होते. बरेच जण कल्प्यानंतर नाकोला मुक्काम करतात. तळं सुंदर आहे, कबूल. पण जाताना तिथे चहा-जेवण करा आणि राहायचं परतीच्या वाटेवर ठेवा, तोवर तुमचं शरीर तयार झालेलं असेल.

सर्किटबद्दल. काझ्याहून मनालीला जायचं म्हणजे लोसरवरून कुंझुम खिंड, साडेचार हजार मीटरच्या वर, मग बातल, छत्रू, ग्राम्फू. बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात बऱ्याच जागी रस्ता म्हणजे दगडगोटे आणि वाहते नाले. काझा ते मनाली जेमतेम दोनशे किलोमीटर, पण आठ-दहा तास लागतात, मध्ये पेट्रोल पंप नाही, फोनला रेंज नाही, आणि कमी उंचीच्या हॅचबॅकचं पोट घासणार हे नक्की. उंच गाडी, तरुण सोबती आणि हाताशी दिवस असतील तर मीही त्या रस्त्याची शिफारस करते. चंद्रा नदीचं ते खोरं विसरता येण्यासारखं नाही. पण वीस दिवसांची छान सहल एका दिवसाच्या हट्टापायी दमवून टाकायची नसते. ‘आल्या रस्त्याने परत’ म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो. खरं तर सतलजचं खोरं उतरताना वेगळंच दिसतं: जाताना सगळं लक्ष चढावर आणि वळणांवर असतं, येताना हात बसलेला असतो आणि नजर मोकळी होते. आणखी एक फायदा म्हणजे कुठल्या वळणावर रस्ता खराब आहे, कुठल्या ढाब्यावर राजमा-चावल चांगला मिळतो आणि कुठलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे, हे आता तुम्हाला माहीत असतं. साठीनंतर या शेवटच्या माहितीची किंमत काय असते ते काकूंना विचारा.

कधी जायचं? जुलै-ऑगस्ट अजिबात नको. स्पितीत पाऊस कमी पडतो हे खरं, पण तिथे पोचवणारा किन्नौरचा रस्ता पावसाळ्यात धोक्याचा असतो. जुलै २०२१ मध्ये सांगल्याच्या खोऱ्यात बातसेरीला डोंगरावरून सुटलेले दगड पर्यटकांच्या गाडीवर आले, नऊ जण गेले. पुढच्या अडीच आठवड्यांत निगुलसरीला राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून एस.टी.सारखी सरकारी बस आणि इतर गाड्या ढिगाऱ्याखाली गेल्या. हे घाबरवायला लिहीत नाही, महिना निवडताना लक्षात असावं म्हणून लिहिते. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत किंवा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हे दोन काळ चांगले. तुमच्यासाठी मी दुसरा निवडेन. राजस्थानातून जाताना उन्हाळा नसतो, नाल्यांना पाणी कमी, आकाश धुतलेलं आणि किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायचे दिवस. घरी दीड किंवा पाच दिवसांचे गणपती असतील तर विसर्जन करून निघा. दहा दिवसांचे असतील आणि त्या वर्षी चतुर्थी उशिरा येत असेल तर मे महिना धरा, नाहीतर काझ्याला पोचेपर्यंत थंडी फार वाढलेली असेल.

सपाटीवरचा भाग थोडक्यात. नाशिक-इंदूर सव्वाचारशे किलोमीटर, मग कोटा, जयपूर आणि हरियाणातल्या नव्या १५२-डी महामार्गाने अंबाला-चंदीगड. चार दिवसांत होतं. सकाळी सहाला निघा, दुपारी चारला गाडी बंद. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक सातशे-आठशे किलोमीटर ओढतात आणि डोंगराच्या पायथ्याशी थकून पोचतात. विरळ हवेचा त्रास थकलेल्या, झोप न झालेल्या आणि पाणी कमी प्यायलेल्या माणसाला आणखी जड जातो. चंदीगडचा आरामाचा दिवस मी त्यासाठीच धरला आहे. तो कापू नका.

आता गाडी. चढेल, काळजी करू नका. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटतो, म्हणजे काझ्यात तुमच्या गाडीची ताकद जवळजवळ दोन-तृतीयांश उरते. चढावर ती दमल्यासारखी वाटेल. तिसऱ्यात ओढत असेल तर वेळेवर दुसरा टाका, वळणाआधी टाका, वळणात नको. एसी बंद ठेवा. सामान कमी घ्या: मागच्या सीटवर काही नाही आणि डिकी पाऊण भरलेली, यापेक्षा जास्त नको, म्हणजे गाडी खाली बसत नाही. निघण्याआधी ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बॅटरी आणि टायर मेकॅनिकला उघडून बघायला सांगा. क्लच अर्ध्याहून जास्त झिजलेला असेल तर नाशिकलाच बदला. रेडिएटरमध्ये योग्य प्रमाणात कूलंट हवं. आपल्याकडे नुसतं पाणी टाकत राहायची सवय असते, ते ऑक्टोबरच्या रात्री गोठू शकतं. काचेवर मारायच्या पाण्याचंही तेच. टायरमधली हवा उंचीवर मापात चार-पाच पीएसआय जास्त दिसते कारण बाहेरचा दाब घटलेला असतो, थंडीने ती थोडी परत खाली येते. म्हणून काझ्याला पोचल्यावर सकाळी, गाडी थंड असताना तपासा आणि गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्यावर आणा. छोटा बारा व्होल्टचा पंप आणि पंक्चरचं किट जवळ ठेवा, स्टेपनी भरलेली आहे ना ते बघा. पेट्रोल रामपूर, पिओच्या (म्हणजे रेकाँग पिओ, किन्नौरचं जिल्ह्याचं ठिकाण) खाली पोवारी आणि थेट काझा. पोवारीला टाकी पूर्ण भरायचीच, पुढे दोनशे किलोमीटर भरवसा नाही.

चढापेक्षा उतार अवघड असतो. तुमची पहिली परीक्षा मशोब्र्याहून सराहनला जाताना होईल. नारकंडा २,७०० मीटरवर आणि तिथून रस्ता उतरत उतरत सतलजच्या काठी रामपूरला साधारण हजार मीटरवर येतो. सतराशे मीटरचा हा उतार नवखा माणूस ब्रेकवर पाय ठेवून उतरतो. अर्ध्या तासात ब्रेकचा करपट वास येतो आणि पेडल मऊ लागतं. असं झालं की ब्रेक कामातून जाण्याच्या बेतात आहेत असं समजा, रुंद जागा बघून थांबा आणि वीस-पंचवीस मिनिटं गाडी तशीच राहू द्या. चाकांवर पाणी ओतू नका. मुळात ती वेळच येऊ नये म्हणून ज्या गिअरवर चढला असता त्याच गिअरवर उतरायचं, म्हणजे बहुतेक वेळा दुसरा. इंजिन गुरगुरेल, गुरगुरू द्या, गाडीला इंजिनच धरून ठेवतं. ब्रेक थोडा जोरात दाबून लगेच सोडायचा, हलका दाबून धरून ठेवायचा नाही. न्यूट्रलवर उतरून पेट्रोल वाचवायची कल्पना कोणी दिली तर कानाआड करा.

वांगटूच्या अलीकडे तरंडा भागात रस्ता कातळ कोरून काढलेला आहे, डोक्यावर खडक लोंबतो आणि बाजूला दरी. हिंदुस्थान-तिबेट रस्त्याचं काम १८५० साली डलहौसीच्या काळात सुरू झालं. तो जुना रस्ता वरून जायचा, आजचा महामार्ग त्याच खोऱ्यातून खाली आहे. तरंडा देवीच्या देवळापाशी बहुतेक ट्रक थांबतात. तुम्हीही थांबा, हात जोडा, पाय मोकळे करा. वळणावळणाच्या रस्त्यावर दर दीड तासाने दहा मिनिटं गाडी बंद ठेवणं हा माझा नियमच आहे.

अरुंद जागी समोरून ट्रक आला की काय करायचं, हे तुम्ही दोघांनी आधी ठरवून ठेवा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा रिवाज आहे, पण मागे घ्यायला ज्याच्या मागची रुंद जागा जवळ, तो मागे घेतो. ट्रकवाले यात उदार असतात, ते हाताने खूण करतात ती बघा. तुम्हाला मागे घ्यावं लागलं तर काकूंनी खाली उतरायचं आणि डोंगराच्या बाजूला, गाडीपासून दहा-बारा पावलं मागे, आरशात तुम्हाला दिसतील अशा उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही, गाडीच्या थेट मागेही नाही. शब्द दोनच ठेवा: ‘ये’ आणि ‘थांब’. ‘थोडं इकडे, अगं नाही, त्या बाजूला’ असं सुरू झालं की गोंधळ होतो. काकू आरशातून दिसेनाशा झाल्या तर गाडी जागेवर थांबवायची, मग कितीही हॉर्न वाजोत.

याच निमित्ताने एक आग्रह. तुम्ही लिहिलंय की काकूंना गाडी येते, पण त्या शहरातच चालवतात. निघण्याआधी दोन महिने दर रविवारी त्यांना सप्तशृंगगडाच्या घाटात, घोटी-भंडारदरा रस्त्यावर चालवू द्या. चढावर गाडी थांबवून हँडब्रेकवरून परत उचलायची, हे न बघता जमेपर्यंत. त्यात तुमचाही फायदा आहे: तुमचं डोकं दुखायला लागलं तर ताबोहून पिओपर्यंत गाडी कोण नेणार? दोघांपैकी एकालाच घाट येत असेल तर तो एक माणूस आजारी पडणं म्हणजे प्रवास थांबणं. माझ्या बरोबर आलेल्या कितीतरी बायकांनी नवरा शेजारी बसून ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणत नसताना फार सुरेख गाडी चालवलेली आहे.

पूर्ण वेळ ड्रायव्हर नको. पण काझ्यात चारही दिवस तुमची गाडी उभी ठेवा आणि लांगझा, हिक्किम, कॉमिकला जायला तिथलीच टॅक्सी करा. ती गावं ४,४०० मीटरच्या वर आहेत, रस्ता अरुंद आणि खडा. स्थानिक चालकाला प्रत्येक वळण माहीत असतं आणि तुम्हा दोघांनाही खिडकीबाहेर बघायला मिळतं. हिक्किमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरवर आहे, तिथून नातवंडांना कार्ड टाका. मुलाला हे सांगा, त्याची अर्धी काळजी जाईल.

तब्येतीचं आता. निघण्याआधी महिनाभर तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि ‘आम्ही ३,६५० मीटरवर चार रात्री झोपणार आहोत’ असं याच शब्दांत सांगा. नुसतं ‘हिमाचलला चाललोय’ म्हटलं तर त्यांना मनाली वाटतं. हृदयाच्या तपासण्या त्यांना योग्य वाटतील त्या करून घ्या. पहिले काही दिवस उंचीवर रक्तदाब वाढतो, त्यामुळे मशीन बरोबर घ्या आणि आकडा किती गेला तर काय करायचं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का तेही विचारा. अ‍ॅसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स उंचीसाठी देतात, प्रतिबंध म्हणून साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दोन वेळा, पण तेही लघवी वाढवतं आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर सांगावी लागते. म्हणून ती गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. काकूंचं साखर मोजायचं यंत्र थंडीत आणि उंचीवर चुकीचा आकडा दाखवू शकतं, ते रात्री उशाशी, पांघरुणात ठेवा. झोपेच्या गोळ्या आणि दारू, काझ्यापर्यंत दोन्ही बंद.

दोन गोष्टी घरातच करून बघा. पहिली, फरशीच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायचं. उंचीवर मेंदूला सूज यायला लागली की माणसाचा तोल जातो आणि ही चाल बिघडते. काकूंच्या गुडघ्यामुळे त्यांची चाल घरीही थोडी डगमगत असेल, ती आज कशी आहे ते माहीत असायला हवं, तरच तिथे फरक कळेल. दुसरी, ऑक्सिमीटरवर दोघांचे आकडे लिहून ठेवा. काझ्यात ८५ ते ९० दिसलं आणि माणूस हसतखेळत जेवत असेल तर घाबरायचं कारण नाही, तिथे तेच अपेक्षित असतं. मात्र आकडा बरा दिसतो म्हणून डोकेदुखी आणि मळमळ अंगावर काढायची नाही. आधी माणूस बघायचा, मग यंत्र.

डोकं दुखतंय, जेवण जात नाही, अंग मोडलंय, एवढंच असेल तर त्याच जागी थांबा, आणखी वर जाऊ नका. चोवीस तासांत बरं वाटलं नाही, किंवा स्वस्थ बसूनही दम लागतोय, खोकला सुटत नाही, बोलणं भरकटतंय, तोल जातोय, यातलं काहीही दिसलं तर खाली उतरायचं. त्याच वेळी, रात्र असली तरी, तिथला चालक घेऊन. काझ्यात सरकारी रुग्णालय आहे, पिओला जिल्हा रुग्णालय, मोठ्या उपचारांना रामपूरचं खनेरी आणि शिमल्याचं आयजीएमसी (इंदिरा गांधी मेडिकल कॉलेज). उंचीवरच्या त्रासाला उतरणं हाच उपचार आहे. बाजारात मिळणारे फवाऱ्याचे ऑक्सिजन डबे काही मिनिटांत संपतात. ते घेऊन जाण्यात माझा आक्षेप पैशांचा नाही. डबा जवळ असला की माणूस ‘थोडं हुंगून बघू’ म्हणत उतरायला उशीर करतो, हा आक्षेप आहे. तुमच्या जागी मी ते घेणार नाही.

एक गोष्ट जोडप्यांना कोणी आधी सांगत नाही. ताबो किंवा काझ्यात रात्री काकूंना जाग येईल आणि त्यांना दिसेल की तुमचा श्वास थांबलाय. काही सेकंद काहीच नाही, मग एक मोठा श्वास, मग भराभर काही श्वास आणि पुन्हा शांत. उंचीवर निरोगी माणसांतही झोपेत असा श्वास चालतो. सकाळी डोकं दुखत नसेल आणि ताजंतवानं वाटत असेल तर चिंता नको. मात्र घोरण्याचा, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आधीपासून असेल तर डॉक्टरांना तो जाण्याआधीच सांगा. आणि रात्री उठावं लागतंच, त्या थंडीत दोन-तीन वेळा. उशाशी बॅटरी, पायाशी मोजे-चपला, आणि खोली घेताना ‘संडास खोलीला जोडलेलाच हवा, तळमजल्याची खोली हवी’ असं फोनवरच सांगून ठेवा. रात्री उठायला नको म्हणून पाणी कमी पिऊ नका. दिवसभर घोट घोट प्या, संध्याकाळनंतर बेताने.

रोजचा दिवस लवकर सुरू करून लवकर संपवा. वितळलेल्या बर्फाचे नाले दुपारनंतर फुगतात, नाकोजवळचा मालिंगचा पट्टा सकाळी पार केलेला बरा. काही ट्रकवाले गाडी बंद पडली की चाकाला दगड लावतात आणि जाताना तसाच सोडतात. संध्याकाळच्या उजेडात तो दिसत नाही. तुम्ही दगड लावलात तर निघताना उचलून कडेला टाका.

भारतीयांना या रस्त्यावर परवाना लागत नाही, सुमदोच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवून नोंद होते, आधार जवळ ठेवा. मुलगा-सून परदेशी पासपोर्टवर येऊन तुम्हाला सामील होणार असतील तर ओसीआय कार्ड असलं तरी पिओ ते काझा भागासाठी परवाना लागतो. तो पिओ किंवा शिमल्यालाच काढून घ्यावा. फोनसाठी एकाकडे बीएसएनएल आणि दुसऱ्याकडे जिओ ठेवा. मध्ये तासनतास रेंज नसते, म्हणून मुलाला सांगून ठेवा की फोन मुक्कामावर पोचल्यावर येईल आणि तो संध्याकाळी सातपर्यंत आला नाही तरच काळजी करायची. रोख रक्कम पिओलाच काढा.

बघायचं काय हे मी मुद्दाम कमी लिहिलं, ते तुम्हाला सापडेलच. तरी ताबोचे दोन दिवस घाईत घालवू नका. तो मठ इ.स. ९९६ मध्ये उभा राहिला, बाहेरून मातीच्या भिंती आणि आत अंधारात हजार वर्षांपूर्वीची चित्रं. डोळे सरावायला पाच-सात मिनिटं लागतात, तोवर नुसतं उभं राहा, मग भिंतींवरचे चेहरे एकेक करून दिसायला लागतात. आत फोटो काढू देत नाहीत. कल्प्यात पहाटे किन्नर कैलासवर ऊन येताना बघा आणि गावातून चालत फिरा. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत ऑक्टोबर १९५१ मध्ये इथल्या श्याम सरन नेगींनी सर्वांत आधी मत दिलं होतं. बर्फ पडायच्या आत मतदान उरकावं म्हणून किन्नौरला देशाच्या आधी मतदान ठेवलं होतं. काकू शिक्षिका होत्या, नेगीही शाळामास्तर होते, त्यांना हे आवडेल.

परतीला काझा ते नाको, मग कल्पा, रामपूर, चंदीगड आणि सपाटीचे चार दिवस. सगळं मिळून सव्वीस दिवस होतात, महिन्यातले चार दिवस राखीव राहतात. ते राखीवच ठेवा. किन्नौरमध्ये दरड पडून रस्ता दिवसभर बंद राहणं नेहमीचं आहे, तेव्हा परतीचं कुठलंही लग्न-मुंज त्या चार दिवसांत येऊ देऊ नका. डॉक्टरांची भेट झाली की ते काय म्हणाले आणि काकू गडाचा घाट चढल्या का, ते कळवा. त्यावरून कल्प्याची एक रात्र वाढवायची की सांगल्याची, ते ठरवू.